पांढरी ट्यूब जरा लांब ठेवा

बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय शैलीच्या, व्यक्तिचित्राची नक्कल करायची म्हटलं की बहुतेकांना रेम्ब्रांट आठवतो. तैलरंगात नवे असाल तर मी स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं ‘हुआन दे पारेहा’ सुचवेन. १६५० साली रोममध्ये रंगवलेलं हे चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पारेहा वेलास्केझच्या चित्रशाळेत राबणारा त्याचा गुलाम. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा दस्त झाला आणि पुढे तो स्वतः चित्रकार झाला. चित्राची मोठी प्रतिमा संग्रहालयाने मोफत ठेवली आहे. शिवाय सावळी त्वचा! गोऱ्या-गुलाबी गालांवर घोटलेली मिश्रणं आपल्या घरातली माणसं रंगवताना फारशी कामाला येत नाहीत.

रेखाटनासाठी चौकटी आखा, नाहीतर सरळ ट्रेस करा. ‘ट्रेसिंग म्हणजे चोरी’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. इथे शिकायचे आहेत ते रंग. फ्लेश टिंटची, म्हणजे त्वचेच्या रंगाची, तयार ट्यूब मात्र घेऊ नका. अजिबात नाही.

आता खरा खड्डा: कपाळावरचा उजेड. फिकं करायचं तर पांढरा घाला, ही सवय आपल्याला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोस्टर कलरपासूनची. मीही घातला, आणि पारेहाने तोंडाला पावडर फासल्यासारखं दिसू लागलं. मग उठाव यावा म्हणून सावली काळी केली, चेहरा राखाडी झाला, म्हणून पुन्हा पांढरा. हे चक्र थांबत नाही.

कारणं दोन. आजचा नेहमीचा पांढरा, म्हणजे टायटेनियम व्हाइट, फार जोरकस आणि थंड आहे. त्या काळी शिसाचा पांढरा वापरत. तो मिश्रणात सौम्य आणि जरा उबदार. त्यामुळे रंग मिसळायच्या जुन्या कृतींमधलं प्रमाण टायटेनियमला लावलं की घात होतो. (म्हणून शिसाचा पांढरा शोधत फिरू नका, तो विषारी आहे.) दुसरं कारण पांढराशुभ्र कॅनव्हास. त्यावर कुठलाही रंग जास्तच गडद भासतो आणि हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. सतराव्या शतकातले बरेच चित्रकार तपकिरी किंवा करड्या अस्तरावर काम करत. तुम्हीही टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंगाचा) हात आधी मारा आणि नीट वाळू द्या.

मग करड्या कार्डाला छोटं भोक पाडा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या प्रतिमेवर धरा: आधी लेसच्या कॉलरवर, मग कपाळावर. कपाळाचा तुकडा किती गडद आहे ते पाहून दचकाल. चित्रातला सगळ्यात उजळ भाग कॉलर आहे, कपाळ नाही. म्हणून कॉलरच्या पांढऱ्याचा एक ठिपका आणि केसांच्या काळ्याचा एक ठिपका कॅनव्हासवर सुरुवातीलाच ठेवा. चेहऱ्याचा प्रत्येक टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, या दोघांच्या मध्येच बसायला हवा. त्वचा उजळायला आधी यलो ऑकर (मातकट पिवळा), मग थोडा लाइट रेड (विटकरी लाल), आणि अगदी शेवटी रंग मिसळायच्या नाइफच्या टोकावर येईल एवढाच पांढरा. पडद्याचा ब्राइटनेस एकदा ठरवला की काम संपेपर्यंत हलवू नका.

मधल्या टप्प्यावर चेहरा मातकट, कुरूप दिसेल. दिसू द्या, तुम्ही बरोबर वाटेवर आहात. अशा वेळी तुमचा ब्रश हातातून काढून घेऊन गाल ‘सुधारून’ देणारे सर टाळा. ‘हा टोन कशापेक्षा गडद?’ एवढंच विचारून पुढच्या ईझलकडे जाणारे सर मिळाले तर त्यांचा क्लास सोडू नका, फी जास्त असली तरी.

एक सक्त ताकीद. जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

कॉलर शेवटी. ती जवळून पाहिली तर नुसते ब्रशचे फटकारे आहेत. मोठा ब्रश घ्या, दोन पावलं मागे जाऊन बघत रंगवा. लेसची भोकं मोजत बसलात तर चेहऱ्यासाठी राखलेला वेळ कॉलरच खाऊन टाकेल.