बायको ड्युटीला गेली की दोघांना कसं सांभाळायचं (फक्त बाबा लोकांसाठी)

सकाळी आधी मोठ्याचं उरका, धाकटी दोन मिनिटं रडली तरी चालतंय, कारण अडीच वर्षांचा उपाशी पोरगा थेट तिच्या पाळण्यात चढतो. पोदेराचा (दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचा) भोंपू वाजला की त्याला दाराशी न्या, पाव स्वतःच्या हाताने घेऊ द्या, मग तो कुरतडत बसतो आणि तेवढ्यात बाळाचं बघून होतं.

बाळाला सहा महिने झाले असतील तर उकड्या तांदळाची पेज, मऊ शिजवून घोटायची, चमचा तिरका केला तर पाण्यासारखी ओघळायला नको इतकी दाट. नाचणीचं सत्वपण मस्त. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नाही, आजी म्हणतील गुटीत थेंबभर घालू, तरी नाही, त्यातून बोट्युलिझम (बाळाच्या जिवावर बेतणारी विषबाधा) होऊ शकतो, थोडी भांडणं झाली तर होऊ देत.

आंघोळ दोघांची एकदम नको, आणि बादली रिकामी करूनच बाथरूममधून बाहेर यायचं, थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

इकडे गोव्यात फोंड्याला जुलैत लंगोट काही केल्या सुकत नाहीत. फॅनखाली दोरी बांधा, वरून इस्त्री फिरवा, ओलसर घातलं की पुरळ आलंच. रात्री सरळ डायपर लावा, शेजारीण काय म्हणते ते सोडा.

स्कूटरवर चार वर्षांखालच्या पोराला हेल्मेट आणि हार्नेस (पोराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा) लागतो, स्पीड 40 च्या आत, 2023 पासून नियमच आहे. दोघांना घेऊन एकट्याने मात्र स्कूटर काढूच नका, रिक्षा बोलवा.