ओव्ह्युलेशन कधी होतं, हे कसं ओळखायचं?

पाळीच्या चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन होतं, म्हणजे बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं, असं धरून चालणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. हा हिशेब फक्त २८ दिवसांच्या चक्राचा (चक्र म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस). चक्र ३४ दिवसांचं असेल तर स्त्रीबीज साधारण विसाव्या दिवशी बाहेर पडतं, २५ दिवसांचं असेल तर अकराव्या दिवशीसुद्धा. ओव्ह्युलेशन झाल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत बहुतेकींना १२ ते १४ दिवस लागतात, आणि एकाच बाईच्या बाबतीत हा काळ फारसा बदलत नाही. पुढे-मागे होतो तो त्याआधीचा काळ. पाळी लांबली म्हणजे बहुधा ओव्ह्युलेशनच लांबलेलं असतं.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र गर्भाशयात आणि बीजनलिकेत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून गर्भधारणेचे दिवस सहा: ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यातही शेवटचे दोन-तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. थोडक्यात, मूल हवं असेल तर ओव्ह्युलेशन झाल्याचं कळून उपयोग नाही, ते होणार आहे हे आधी कळायला हवं. पुढच्या खुणांपैकी कोणती आधी सांगते आणि कोणती नंतर, तेवढं लक्षात ठेवा.

आधी तारखा लिहा

रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचे पुसट डाग मोजू नका. निदान सहा चक्रांच्या तारखा हाताशी असतील तर एक ढोबळ गणित करता येतं. सगळ्यात लहान चक्रातून १८ वजा करा, सगळ्यात मोठ्यातून ११. चक्रं २६ ते ३१ दिवसांची असतील तर उत्तर येतं आठवा ते विसावा दिवस. पट्टा मोठा आहे, पण लक्ष कधीपासून ठेवायचं ते यावरून ठरतं. नुसत्या तारखा भरल्या तर मोबाइलवरचं ॲपही असाच अंदाज बांधतं. त्यात रंगवून दाखवलेली तारीख म्हणजे तपासणीचा निकाल नव्हे.

स्राव पाहायला शिका

माझ्या मते सगळ्यात उपयोगी खूण हीच. पैसे लागत नाहीत आणि ती आधी सांगते. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. मग योनीतून थोडा चिकट, पांढरट स्राव दिसू लागतो, तो हळूहळू लोशनसारखा होतो. ओव्ह्युलेशन जवळ आलं की इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढल्यामुळे तो पारदर्शक, निसरडा होतो, अगदी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. लघवीला गेल्यावर टिश्यूने पुसून पाहा. स्राव अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं सावकाश लांब करा. लगेच तुटला तर अजून वेळ आहे. न तुटता चांगली लांब तार निघाली तर हेच ते दिवस. अशा स्रावाचा शेवटचा दिवस ओव्ह्युलेशनच्या अगदी जवळचा असतो. त्यानंतर स्राव एकदम घट्ट होतो किंवा थांबतो. संबंधानंतर लगेच पाहिलंत तर वीर्यामुळे गल्लत होते. खाज, दुर्गंधी किंवा हिरवट रंग असेल तर तो संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

किट वापरायचं असेल तर

ओव्ह्युलेशन किट लघवीतलं एलएच हे संप्रेरक तपासतं. ते एकदम वाढलं की साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडतं. २६ दिवसांच्या चक्रात नवव्या दिवसाच्या सुमारास सुरुवात करा आणि रोज एकाच वेळी तपासा. आधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नका. गरोदरपणाच्या चाचणीत पुसट रेघही धरतात, इथे ती चालत नाही. साध्या पट्टीवर चाचणीची रेघ बाजूच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून ओव्ह्युलेशन अनियमित होण्याचा त्रास) असेल तर एलएच एरवीही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे किट उगाचच पॉझिटिव्ह येतं. तिथे त्यावर विसंबू नका.

तापमान

ही खूण नंतर सांगते. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी जिभेखाली मोजायचं. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर घ्या. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस ते वर राहिलं तर ओव्ह्युलेशन होऊन गेलं असं समजा. ताप, जागरण, मद्य यांनी आकडे बिघडतात. एका सकाळच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका.

काहींना या सुमारास ओटीपोटात एका बाजूला दुखतं. तेवढ्यावरून मात्र दिवस ठरवता येत नाही.

हे सगळं नैसर्गिक चक्रासाठी आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर या खुणा लागू होत नाहीत. आणि मूल नको असेल तर घरच्या घरी केलेल्या अशा हिशेबावर विसंबणं धोक्याचं आहे.

पाळी सतत २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल तर डॉक्टरांकडे जा. प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील तर पस्तिशीच्या आत वर्षभर थांबायला हरकत नाही, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच जा. ओव्ह्युलेशन झालं का हे पाहायला प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी अनेकदा एकविसाव्या दिवशी सांगतात, पण ती खरं तर अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी हवी. ३४ दिवसांचं चक्र असेल तर सत्ताविसाव्या दिवशी. तारखांची वही सोबत नेलीत तर हा दिवस तिथल्या तिथे ठरवता येतो.