व्यायामाचा आठवडा कसा आखावा

व्यायाम सुरू करण्यापूर्वी वहीच्या एका पानावर सोमवार ते रविवार लिहावेत आणि प्रत्येक वारापुढे घरातून निघण्याची व परतण्याची खरी वेळ मांडावी. सकाळी आठच्या आत ठाणे स्थानक गाठून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाने रोज संध्याकाळी तासभर व्यायाम ठरवला, तर तो बेत बहुधा दुसऱ्याच आठवड्यात मोडतो. म्हणून आधी मोकळा वेळ पाहावा, मग व्यायाम ठरवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी स्थानकापर्यंत रिक्षा न करता झपझप चालत गेल्यास जाता-येता मिळून अर्धा तास सहज भरतो, आणि शनिवार-रविवारी ठाण्यातल्या तलावपाळीला किंवा उपवन तलावाला फेऱ्या मारून उरलेला तास पूर्ण करता येतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा आहे. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करावी.

मंगळवार आणि गुरुवार बळाच्या व्यायामासाठी ठेवावेत, कारण मधल्या दिवशी स्नायूंना विश्रांती मिळते. बैठका शिकताना मागे भक्कम खुर्ची ठेवावी, पाय खांद्यांइतके फाकवावेत, कंबर मागे नेत सावकाश खाली यावे आणि खुर्चीचा स्पर्श होताच उठावे. टाचा उचलल्या जात नाहीत आणि गुडघे आत वळत नाहीत, याकडे सुरुवातीला कुणाला तरी पाहायला सांगावे. जोर आधी भिंतीवर हात टेकून काढावेत, मग ओट्यावर, शेवटी जमिनीवर. आठ ते बारा वेळा, असे दोन फेरे करावेत. बारा सहज जमू लागले की पुढच्या पायरीवर जावे.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांशी आधी बोलावे. छातीत दाब जाणवला किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

पावसाळ्याची तजवीज मात्र आधीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आपल्याकडे जूनमध्ये खंडित झालेला व्यायाम थेट दिवाळीनंतर आठवतो. तलावाकाठच्या फरशीवर शेवाळ धरले की तिथे झपझप चालणे धोक्याचे असते. त्या दिवसांत इमारतीचे जिने चढावेत किंवा घरातच जागच्या जागी पावले टाकावीत. हा पर्याय वहीत त्या त्या वाराखालीच लिहावा, म्हणजे पहाटे पाऊस पाहून पुन्हा विचार करावा लागत नाही.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, त्या दिवसाचेच काम करावे. तापातून उठल्यावर मात्र निम्म्यापासून सुरुवात करून हळूहळू पूर्वीच्या मिनिटांवर यावे.