बाळाला घेऊन नाशिकहून पुण्याला: झोपेचं कसं जमवायचं

पुण्याला नणंदेकडे जायचं ठरलं की आमच्या सिडकोतल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: "गाडीत झोपेल ना गं ती?" झोपते. गाडी हलली की बहुतेक बाळं झोपतातच. खरा प्रश्न असतो तो पोचल्यावरच्या पहिल्या रात्रीचा. त्याची सोय मात्र नाशिकमधून निघतानाच करावी लागते.

माझी लेक आठ महिन्यांची आहे. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाची झोपही यातच धरायची. रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आतलाच, पण पाच तास सहज जातात. ती सगळा वेळ झोपली, तर रात्री बारा वाजता ताजीतवानी होऊन खेळायला तयार!

म्हणून आम्ही तिच्या सकाळच्या झोपेची वेळ झाली की निघतो. मोहदरीचा घाट, सिन्नर हे सगळं झोपेतच जातं. संगमनेरच्या आसपास थांबतो. गाडीबाहेर सतरंजी टाकायची, दूध पाजायचं, लंगोट बदलायचा आणि तिला पालथं पडून हातपाय झाडू द्यायचे. घाई करायची नाही. दुसरी डुलकी आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात. चाकण आलं की तिच्याशी गप्पा, खुळखुळा, बडबडगीतं, काय वाटेल ते. संध्याकाळ झाली असेल तर तिथे डोळा लागू द्यायचा नाही. चाकणच्या कोंडीत हे नेहमी जमतंच असं नाही.

"रात्रीच निघा, झोपेतच पोचेल" हा सल्ला सगळे देतात. मला पटत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही झोप येते, आणि मध्यरात्री उचलून घरात नेलं की बाळ टक्क जागं.

गाडीत बाळ मांडीवर नको. मागच्या बाजूला तोंड असलेल्या कार सीटमध्ये, पट्टे घट्ट लावून. पण त्या सीटमध्ये झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून कुणीतरी मागे शेजारी बसावं आणि दर दोन तासांनी तिला बाहेर काढावं. पोचल्यावर "झोपलीय तर राहू दे सीटमध्येच" हे तर अजिबात नाही. उचलून सपाट अंथरुणावर, पाठीवर निजवायचं.

निघायच्या आदल्या दिवशी ताईंना फोन करून दोनच गोष्टी विचारते: कमी उजेडाची खोली कुठली आणि जमिनीवर टाकायला पातळ, टणक गादी आहे का. त्यावर मी घरून आणलेलं दुपटं घट्ट खोचते. ते मुद्दाम न धुतलेलं, तिने दोन रात्री वापरलेलं असतं. खोली नवी, पण वास घरचा. उशी, लोड, रजई काही नको. सासूबाई प्रेमाने गोधडी आणतात. ती मी माझ्या पायांवर घेते. थंडीच्या दिवसांत तळहात गार लागले म्हणून घाबरू नये, मानेच्या मागे हात लावून बघावा. तिथे कोमट असेल तर पुरे. झोपताना कानटोपी काढायची.

घड्याळ पुढेमागे होऊ दे, क्रम मात्र घरचाच: कोमट पाण्याने अंग पुसणं, दूध, दिवा बंद, तीच अंगाई. या अर्ध्या तासात पाहुण्यांनी बाळ मागायचं नाही, हे सांगण्याचं काम मी नवऱ्याला दिलंय. त्याची बहीण, त्याने सांगावं.

जायफळ उगाळून चाटवा, सर्दीचं औषध थोडं द्या, असं कुणीतरी म्हणतंच. झोपेसाठी यातलं काहीही देऊ नये. वर्षाच्या आत मधही नाही.

रात्री उठली तर मोठा दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, थोपटायचं. सकाळी मात्र नेहमीच्या वेळी पडदे उघडायचे. ताई म्हणतात, "झोपू दे गं अजून." मी म्हणते, "चालेल ताई, मग रात्री तुम्ही उठा."