सिंथेसायझर आणि डिजिटल रेकॉर्डर संगणकाला जोडताना या चुका टाळा

मिडी केबल (वाद्य आणि संगणक यांच्यात वादनाच्या सूचना नेणारी) जोडली, सॉफ्टवेअरमध्ये संदेश आल्याची खूणही दिसते, पण आवाज येत नाही, ही नवोदितांची नेहमीची तक्रार असते आणि बहुतेक वेळा त्यात बिघडलेले काहीच नसते. १९८३ पासून वापरात असलेल्या मिडीतून ध्वनी जातच नाही; कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली अशा सूचना तेवढ्या जातात. ध्वनीसाठी सिंथेसायझरच्या लाइन आउटपुटपासून ऑडिओ इंटरफेसच्या (ध्वनी संगणकात नेणाऱ्या यंत्राच्या) लाइन इनपुटपर्यंत वेगळ्या केबल लागतात. काही वाद्यांची यूएसबी जोडणी दोन्ही कामे करते, सगळ्यांची नाही. म्हणून दोष शोधताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की अडले आहे ते सूचनांचे की ध्वनीचे?

सूचनांच्या बाजूला ‘आउट’ला ‘आउट’ जोडण्याची चूक सहज होते. एकाचे ‘आउट’ दुसऱ्याच्या ‘इन’मध्येच जायला हवे. एकच स्वर दुहेरी आणि पोकळ ऐकू येत असेल, तर सिंथेसायझर पट्टी दाबताच स्वतः वाजतो आणि सॉफ्टवेअरने परत पाठवलेल्या सूचनेवर पुन्हा वाजतो, असे समजावे. अशा वेळी वाद्यातील ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्ट्यांनी वाद्याचा स्वतःचा आवाज थेट वाजवण्याची सोय, बंद करावे.

ध्वनीच्या बाजूची सर्वांत फसवी चूक म्हणजे हेडफोनचे स्टीरिओ आउटपुट एकाच स्टीरिओ केबलने इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांवरील संकेतांतला फरक घेणाऱ्या इनपुटमध्ये) घालणे. ते इनपुट डाव्या-उजव्या संकेतांची वजाबाकी करते, त्यामुळे दोन्हीकडे सारखा असलेला बास नाहीसा होतो आणि रिव्हर्बची (घुमाऱ्याची) पसरट छाया तेवढी उरते. ऐकणारा मग उगाच वाद्याला दोष देतो.

डिजिटल रेकॉर्डरच्या बाबतीत सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, आधी जुळवावा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ किलोहर्ट्झवर तशीच वाजवली, तर ती सुमारे ९ टक्के अधिक वेगाने आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढ्या स्वरात वाजते. आकडे जुळले तरी दोन्ही यंत्रांची नमुन्यांचा ताल ठरवणारी अंतर्गत घड्याळे वेगळीच असतात; त्यांच्यात दशलक्षात २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. डिजिटल केबलने जोडताना एक यंत्र मुख्य ठेवून दुसऱ्याला त्याचे घड्याळ पाळायला लावावे. नाहीतर मधूनमधून टकटक ऐकू येते.

वाजवताना स्वर उशिरा येत असेल, तर सॉफ्टवेअरमधला बफर (पुढे पाठवण्याआधी साठवलेल्या नमुन्यांचा गठ्ठा) कमी करावा: ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर ११.६ मिलिसेकंद घेतो, तर १२८ चा २.९.

यूएसबी जोडताच घुमघुम सुरू झाली, तर ते बहुधा ग्राउंड लूपचे, म्हणजे दोन यंत्रांचे ग्राउंड एकाहून अधिक वाटांनी जोडले गेल्याचे, लक्षण असते. त्यासाठी प्लगची अर्थिंग पिन कधीही काढू नये, जिवाला धोका असतो. त्याऐवजी सूचना पाच पिनांच्या मिडी केबलने पाठवून पाहाव्यात. ती ज्या यंत्राच्या ‘इन’मध्ये जाते, त्यात ऑप्टोकपलर असतो आणि संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जात असल्याने दोन यंत्रांच्या ग्राउंडचा तेथे संबंध येत नाही.