परिवीक्षा अधिकारी म्हणून नवीन लागलात? मग कलम 4 मधला 'किंवा' बघा

परवा नव्या भरतीतल्या एका मुलीचा फोन, "ताई, केसमध्ये नेमकं बघायचं काय?" 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम (म्हणजे प्रोबेशनचा कायदा, दोषी ठरलेल्याला तुरुंगाऐवजी बाहेर सोडण्याचा) तुम्ही परीक्षेला घोकलाय, कलम 3 समज देऊन सोडणं, कलम 4 बंधपत्रावर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर सोडणं, कलम 6 एकवीसच्या आतल्यांसाठी, ते परत सांगत नाही. निर्णय कोर्टाचा, आपला फक्त अहवाल, हेही ठाऊक असेलच. पण अहवालातली एक ओळ चुकली की माणूस आत बसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी तिसरीच केस. वीस वर्षांचा ऊसतोड कामगार, बीडकडचा. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली, कबूल केलं, आधीचं काही नाही. मी त्याची कोपी, म्हणजे झोपडी, बघायला गेले. पाचटाची कोपी, आत एक पत्र्याची पेटी, दोन पातेली, कुडाला खोचलेला कोयता. शेजारची बाई म्हणाली, "पट्टा पडला (म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला) की कोण थांबतंय हितं." झालं, मी लिहून टाकलं, 'निश्चित निवासस्थान नाही, शिफारस करता येत नाही.' आपण किती कडक आणि प्रामाणिक, असंही वाटलं वर.

आता कलम 4 चं परंतुक, म्हणजे त्यातली 'परंतु'ची अट, बोट ठेवून वाचा. राहण्याचं निश्चित ठिकाण किंवा नियमित कामधंदा. तो आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा. आणि तोही कोर्टाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या मुदतीत आरोपी जिथे राहण्याची शक्यता आहे तिथे. तीन वेळा 'किंवा', आणि मी तिन्ही गिळले! पोराच्या मामाचं पंक्चरचं दुकान कोर्टापासून दहा मिनिटांवर होतं, मी गेलेच नाही, कारण माझ्याकडच्या फॉर्मात रकाना फक्त आरोपीच्या पत्त्याचा. गावाकडं आईचं घर होतं, तेही विचारलं नाही. आणि पोरगा जेलमध्ये आहे हे मुकादमानं मामाला कळवलंच नव्हतं, पोराची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची राहिली म्हणून मुकादमाचा राग. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "जामीनदार कोण होऊ शकतो, ते कुठाय यात?" मी गप्प. पूरक अहवालाला पुढची तारीख, म्हणजे पोरगा अजून तीन आठवडे आत. माझ्यामुळे.

तो फॉर्म दिलेला एका सीनियरनं, "जुना अहवाल घे, नाव बदल, पोलीस पाटलाचा दाखला जोड, बास." असल्या लोकांपासून लांब राहा, सरळ सांगते. मला कायदा शिकवला तो कोर्टातल्या एका क्लार्कने, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून.

बाकीचं पटकन. वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं धरतात, सुप्रीम कोर्टाचा रामजी मिस्सर निकाल वाचून ठेवा. एकवीसच्या आतल्याला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात, म्हणून तिथे आपला अहवाल जास्त जपून लिहायचा. गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकत असेल तर कलम 4 विसरा. अहवाल गोपनीय आहे, ओळखीच्या हवालदारालासुद्धा झेरॉक्स नाही. आणि 2024 पासून न्याय संहितेत आलेली सामुदायिक सेवा यात मिसळू नका, 5000 रुपयांच्या आतली पहिलीच चोरी, माल परत केला, तर ती मिळते, पण ती शिक्षा आहे. परिवीक्षेत शिक्षाच देत नाहीत, बंधपत्र घेऊन सोडतात.

घाबरू नका पण. पहिले पाच-सहा अहवाल सगळ्यांचेच कच्चे असतात, साहेब विचारतात, आपण दुरुस्त करतो. फक्त फोनवरून गृहभेट 'उरकू' नका, बस नसली तरी जा.

त्या पोराचं दोन वर्षांचं बंधपत्र झालं, जामीनदार मामाच. मध्ये माझी स्कूटी त्यांच्या दुकानापाशीच पंक्चर झाली. मामा पैसे घेईनात. पर्यवेक्षणातल्या माणसाच्या घरचं फुकट काही घ्यायचं नसतं, म्हणून पाण्याच्या टपाशेजारी पान्याखाली नोट दाबून ठेवली आणि निघाले.