गोष्टी लिहिणाऱ्यांनो, ब्लॉग लिहिताय? या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

मी मूळची कथा लिहिणारी. घर नौपाड्यात, नोकरी तुर्भ्याला, त्यामुळे लिहायची जागा म्हणजे ट्रान्स हार्बरची लोकल, ठाण्याहून निघालं की दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि आलंच तुर्भे, तेवढ्यात बसायला मिळालं तर मोबाइलवर एखादा परिच्छेद होतो, नाही मिळालं तर डोक्यातल्या डोक्यात होतो. ब्लॉग सुरू केला तेव्हा वाटलेलं की कथा लिहिता येते म्हणजे ब्लॉग काय, हातचा मळ. कसलं काय! हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं की मीपण काढू का ब्लॉग, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी. गोष्ट लिहायच्या आधीच ती सांगून टाकणं.

झालं असं की मला एक माणूस सुचला होता. रिटायर्ड टीसी, रोज संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर येऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नुसती चाल बघून ठरवतो की याने आयुष्यात कधी विदाउट तिकीट प्रवास केलाय की नाही. मला इतका आवडला तो की त्याच रात्री ब्लॉगवर पाचसहाशे शब्द लिहिले, तो कसा सुचला, कुठे सुचला, पुढे त्याचं काय होणार आहे, सगळं. लोकांना जाम आवडलं. "वा, आता कथा येऊ द्या लवकर." आणि शनिवारी कथा लिहायला बसले तर काहीच नाही. म्हणजे माणूस होता, कठडा होता, पण मला त्याच्याबद्दल काही शोधायचंच उरलं नव्हतं आणि कौतुकही आधीच मिळून गेलेलं. कुकरची वाफ मधेच काढून टाकली तर डाळ कशी शिजेल, तसं. ती कथा तीन वेळा सुरू केली आणि तीन वेळा दुसऱ्या पानावर सोडली.

तेव्हापासून जी गोष्ट हातात आहे तिचं नाव ब्लॉगवर काढत नाही, तिच्यातलं गाव नाही, माणूस नाही, "एका वेगळ्या विषयावर काम सुरूय" असलं सूचकसुद्धा नाही. मग ब्लॉगवर लिहायचं काय, असं तुम्ही विचाराल. तर गोष्टीतून उरलेलं लिहायचं. कापलेला प्रसंग का कापला, एखादं पात्र बोलायला लागल्यावर कुठली भाषा जमेना, कोणता शब्द डब्यात कोणाच्या तोंडून ऐकला, आणि हो, चुका कुठे झाल्या.

चुकांवरून आठवलं. माझ्या एका कथेतली मुलगी १९९८ साली परीक्षेला ठाण्याहून लोकलने थेट वाशीला जाते. मी रोज जाते म्हणून तीही गेली, मला काही वावगंच वाटलं नाही. एका काकांचा मेल आला, ताई, ही लाइन २००४ ला सुरू झाली, तुमची नायिका सहा वर्षं आधी गाडीत बसली कशी? मी काय केलं, गुपचूप ओळ बदलली आणि काकांना उत्तरच दिलं नाही. ही दुसरी चूक, आणि ती पहिल्यापेक्षा जास्त लाज आणणारी, कारण ज्यांनी आधी वाचलं होतं त्यांना वाटलं आपल्यालाच नीट आठवत नाहीये आणि काकांना वाटलं असणार की हिने माझं ऐकलं पण मानलं नाही. आता दुरुस्ती केली की खाली एक ओळ टाकते, अमुक तारखेला हे हे बदललं, लक्षात आणून देणाऱ्यांचे आभार. मिनिटभराचं काम आहे.

पण गंमत पुढे आहे. मग मी शोधायला लागले की तेव्हा माणसं जायची कशी. एक तर बसने, कळव्यावरून विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून ठाणे-बेलापूर रोडने, किंवा मग ठाण्याहून कुर्ला आणि तिथे जिना चढून उतरून हार्बरची गाडी, ती १९९२ पासून खाडी ओलांडून वाशीला जायला लागली होती. म्हणजे माझ्या मुलीला कुर्ल्याला गाडी बदलावीच लागणार होती! आणि कुर्ल्याच्या त्या जिन्यावर तिला कोण भेटणार हे मला तेव्हा सुचलं, जे थेट लोकलमध्ये कधीच सुचलं नसतं. कथा सुधारली आणि वर त्या जुन्या प्रवासावर मी जे लिहिलं ते कथेपेक्षा जास्त वाचलं गेलं, त्याचं जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

क्रमशः

ही एकच गोष्ट मराठी वाचकाला चिडवायला पुरेशी आहे. पहिला भाग जोरात, दुसरा आठवड्याने, तिसरा महिन्याने आणि मग लेखक गायब. मीही केलंय, पाच भागांची म्हणून सुरू केलेली रहस्यकथा तिसऱ्या भागात अडकली कारण खून कोणी केला हे मलाच माहीत नव्हतं. उपाय एकच आहे आणि तो कोणालाच आवडत नाही. शेवटचा भाग लिहून झाल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. सगळे भाग ड्राफ्टमध्ये ठेवा आणि मग ठरावीक वारी एकेक सोडा. आणि अशी अर्धवट मालिका आधीच पडलेली असेल तर पुढचा भाग "लवकरच" असं लिहू नका, सरळ लिहा की ही गोष्ट मला पूर्ण करता आली नाही. मी तसं लिहिलं, कोणी दगड मारले नाहीत.

आता टायपिंगची आणि लिंकची कटकट, कारण निम्मे लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

जुन्या कथा डीटीपीवाल्याकडून आणल्या असतील तर त्या बहुतेक श्रीलिपी नाहीतर तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असतात, त्या कॉपी करून ब्लॉगवर चिकटवल्या की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते, ती युनिकोड नाहीये इतकंच, म्हणजे इंटरनेटवर सगळीकडे चालते त्या पद्धतीने टाइप केलेली नाहीये. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून युनिकोड करून घ्या, पण नंतर एक एक ओळ डोळ्यांखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास मार खातात. माझ्या कथेत "सूर्य"चं काहीतरी भलतंच झालं होतं आणि ते चार महिने तसंच होतं.

मग दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. "दुसऱ्या" मधला तो अर्धा ऱ दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात ऱ हे अक्षरच वेगळं असतं आणि दुसऱ्यात साधा र घेऊन मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना फरक कळत नाही पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन निराळे शब्द. तसंच ॲचं, कोणी ॲ एकच अक्षर म्हणून टाइप करतं, कोणी अ वर चंद्र देतं, कोणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ घेतं. मोबाइलवर एक आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसरा कीबोर्ड असेल तर तुमच्याच ब्लॉगवर तुमचीच पोस्ट शोधून सापडत नाही, आणि आपण बसतो प्लॅटफॉर्मला शिव्या देत. कुठलाही एक कीबोर्ड धरा आणि तोच ठेवा. आणि कृपा करून विसर्गाच्या जागी कोलन नको, "क्रमश:" आणि "क्रमशः" यात फरक आहे.

लिंक. मराठी शीर्षक दिलं की काही ठिकाणी लिंकमधून मराठी अक्षरं गाळलीच जातात आणि पत्ता होतो ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा, मग दहा पोस्टींनंतर कुठली लिंक कशाची ते देव जाणे. आणि काही ठिकाणी मराठी तशीच राहते पण व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची मालगाडी होते, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह लिंकमध्ये नऊ नऊ अक्षरं खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. माझ्या आईने असली लिंक बघून विचारलं, हा व्हायरस आहे का गं. तर पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी लिंक हाताने रोमन लिपीत छोटी करून घ्या. आधी, हे महत्त्वाचं. नंतर बदललीत तर जिथे जिथे शेअर झाली असेल तिथली सगळी जुनी लिंक मरू शकते.

बॅकअप घ्या. यावर जास्त बोलवत नाही मला.

कथा पूर्णच्या पूर्ण ब्लॉगवर टाकायची का, हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या पहिल्या दिवाळी अंकापासून कथा म्हटली की दिवाळी अंक हे गणित डोक्यात बसलंय, आणि बरेच संपादक कथा मागवताना "अप्रकाशित" म्हणतात. ब्लॉगवर टाकलेली कथा त्यांच्या हिशेबात प्रकाशित झालेली असते, मग ती बाराच जणांनी वाचलेली का असेना. मी एक बरी कथा अशीच घालवली, उत्साहात एप्रिलमध्ये ब्लॉगवर टाकली आणि जुलैत अंकाकडे पाठवली, संपादकांनी नम्रपणे परत केली आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यामुळे जी अंकासाठी ठेवायचीय ती ब्लॉगवर नाही. कुठल्या अंकात कसल्या कथा येतात याचा अंदाज नसेल तर लायब्ररीत बसून जुने अंक चाळा, ठाण्यात तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, निमित्त कशाला हवं.

ढापाढापीचं म्हणाल तर कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो राहतो. पण हे फॉरवर्ड करणाऱ्या मामाला कोण सांगणार. नाव शेवटी एकट्या ओळीत टाकू नका, नेमकी तीच ओळ उडते. आणि जिथे पोस्ट टाकली त्याची तारखेसकट नोंद ठेवा, म्हणजे भांडायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं.

अजून एक, आणि हे खास कथा लिहिणाऱ्यांसाठी. पात्र कोणावरून घेतलं ते सांगायची खुमखुमी. कथेत मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा एक प्रसंग घेतला होता, माणसं बदलली, मजला बदलला, टाकी गळत होती तिथे लिफ्ट बंद पाडली, कोणाला पत्ता लागला नाही. मग ब्लॉगवर "या कथेमागची कथा" लिहिताना मीच शहाणपणा करून लिहिलं की मूळ प्रसंग आमच्याच बिल्डिंगमधला. संपलं! पुढच्या मीटिंगला मी आत गेले आणि सगळे गप्प. एका काकूंनी तर विचारलं, मी कुठली गं त्यातली? त्या त्यात नव्हत्याच, आणि ते ऐकून जास्त रागावल्या.

ब्लॉग किती जणांनी वाचला ते आकडे बघायचं व्यसनही लागतं, मला दिवसातून पंधरा वेळा लागायचं, आता फक्त रविवारी बघते आणि तेही चहा झाल्यावर.

बाकी तो टीसी अजून तलावपाळीवरच आहे. त्याच्यावरचं ते जुनं लिखाण मी काढून टाकलं आणि दोन वर्षं त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. परवा रबाळ्याला गाडी थांबली आणि त्याच्या शेजारी कठड्यावर कोणीतरी येऊन बसलं. कोण, ते इथे सांगणार नाहीये.